मुंबई प्रथमच पाहणाऱ्यांनी सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

डिसेंबरमध्ये मी आई-वडिलांना घेऊन नांदेडहून मुंबईला येत आहे. शनिवारी सकाळी देवगिरी एक्सप्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरू आणि सोमवारी रात्री परत निघू. मुक्काम फोर्ट भागातच ठरला आहे. दोघेही मुंबई पहिल्यांदाच पाहणार आहेत. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यामुळे त्यांना नुसती ठिकाणे दाखवून भागणार नाही. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती थांबत थांबत चालू शकते, परंतु पायऱ्या तिला झेपत नाहीत. नातेवाइकांनी दिलेल्या यादीत गेटवे, घारापुरी, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू चौपाटी, राणीची बाग असे सगळेच आहे. हे शहर समजावे या दृष्टीने सुरुवात कोठून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण जेथे उतरणार आहात, तेथूनच सुरुवात करावी. बहुतेक लोक टर्मिनसवर उतरले की टॅक्सी करून थेट गेटवेकडे जातात आणि मुंबईतील सर्वांत देखण्या इमारतीकडे पाठ फिरवतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने आराखडा केलेल्या या इमारतीचे काम 1878 मध्ये सुरू झाले आणि ते पुरे व्हायला दहा वर्षे लागली. 2004 मध्ये तिचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे राहिले की ती संपूर्ण दिसते. त्यानंतर मात्र जवळ जाऊन दगडातील पाने, मोर, माकडे आणि फाटकाच्या खांबांवरील सिंह व वाघ सावकाश पाहावेत. या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

तेथून दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौकापर्यंत साधारण एक किलोमीटर अंतर आहे. वाटेतील बऱ्याच इमारतींना रस्त्याच्या बाजूने कमानींचे झाकलेले पदपथ आहेत, त्यामुळे सावलीतून चालता येते. आपल्या वडिलांना एक गोष्ट येथेच सांगावी, म्हणजे पुढचे सारे आपोआप उलगडत जाईल. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा आला. मोकळी झालेली जमीन आणि हा पैसा यांतून हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर ही रांग उभी राहिली. टॉवरला पैसा दिला तो प्रेमचंद रायचंद यांनी, आणि राजाबाई हे त्यांच्या आईचे नाव.

फ्लोरा फाउंटन 1864 चे असून ते किल्ल्याच्या चर्चगेट या दरवाजाच्या जागी बांधले गेले. त्याच्याच शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी व कामगाराचे हुतात्मा स्मारक आहे. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या निदर्शकांवर याच परिसरात गोळीबार झाला होता. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला येथे थांबावेसे वाटेलच.

शेवट ओव्हल मैदानावर करावा. मध्यभागी उभे राहिले की पूर्वेला टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती आणि पश्चिमेला, समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर, 1930 च्या दशकातील गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती दिसतात. एकाच जागेवरून शहराची दोन वेगळी युगे समोरासमोर दिसावीत, असे दुसरे ठिकाण मला मुंबईत माहीत नाही. या दोन्ही रांगांना मिळून 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून दिसते ती प्रामुख्याने इंग्रजांनी आखलेली आणि धनिकांनी बांधलेली मुंबई. माणसे राहतात कशी, हे पाहायचे असेल तर सुरुवात गिरगावातून करावी, असे माझे मत आहे. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची आणि सज्जांची जुनी घरे अजून आहेत. मात्र ती लोकांची राहती घरे असल्याने फोटो काढताना भान ठेवावे. जवळच केशवजी नाईक चाळ आहे, जेथे 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. डिसेंबरात उत्सव नसला, तरी चाळीचे सामाईक चौक आणि लांब गॅलऱ्या पाहिल्यावर असा उत्सव येथे का रुजला, ते वेगळे सांगावे लागत नाही. लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ती गिरगाव चौपाटी येथून फार लांब नाही, आणि त्यांचा पुतळाही तेथे आहे.

त्यानंतर टॅक्सीने बाणगंगेला जावे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या तलावाचे पाणी गोडे आहे, कारण त्याला जिवंत झरा आहे. तलाव आणि वाळकेश्वराचे मंदिर यांचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या आरंभी रामा कामत यांनी केला. घाटाला पायऱ्या आहेत, पण आईंना खाली उतरण्याची गरज नाही. काठावरच्या रस्त्यावरून सारे दिसते.

प्रतिसाद ३

दोन्ही सूचना योग्य आहेत; प्रश्न वारांचा आहे, आणि त्याकडे कोणी लक्ष दिलेले नाही. घारापुरीच्या लेणी सोमवारी बंद असतात, म्हणजे आपल्याला शनिवार किंवा रविवारच उरतो आणि दोन्ही दिवशी बोटींना गर्दी असते. शिवाय धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. डोली मिळते, हे खरे; परंतु बोटीत चढणे-उतरणेही गुडघ्यांना त्रासाचेच होईल. सुमारे सहा मीटर उंचीचे ते त्रिमुखी शिवाचे शिल्प वडिलांनी पाहावे असे मलाही वाटते, तरी या खेपेला घारापुरी वगळावी.

फोर्ट रविवारी सकाळी पाहावा. कार्यालये बंद असल्याने पदपथ मोकळे असतात आणि मान वर करून इमारती पाहणाऱ्याला कोणी धक्का मारत नाही. शनिवारी प्रवासाचा शीण असेल, तेव्हा दुपारी फक्त छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे आणि सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावे. गेटवे संग्रहालयापासून जवळच आहे. ते वाटेत पाहून होईल, त्यासाठी वेगळा दिवस काढू नये. गिरगाव आणि बाणगंगा सोमवारी ठेवावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घारापुरीचा बेत रद्द केला आहे. वडिलांची लोकलने प्रवास करण्याची फार इच्छा आहे. गिरगावला जाताना आईसह तसे करणे शक्य होईल का?

प्रतिसाद ३

होईल, आणि आपल्याला दिशाही सोयीची आहे. सकाळची गर्दी उपनगरांतून चर्चगेटकडे येणाऱ्या गाड्यांना असते. आपण उलट, चर्चगेटहून चर्नी रोडला जाणार आहात. मधे मरीन लाइन्स हे एकच स्थानक लागते. गाडी चर्चगेटहूनच सुटत असल्याने फलाटावरची घाई टळते आणि बसायला जागा मिळते. धिमी लोकलच पकडावी, कारण बऱ्याच जलद गाड्या चर्नी रोडला थांबत नाहीत. तेथे स्थानकाबाहेर पडताना पुलाच्या पायऱ्या लागू शकतात, तेवढी तयारी ठेवावी. रविवारी हा प्रवास करू नये, कारण दुरुस्तीच्या मेगाब्लॉकमुळे वेळापत्रक बदललेले असू शकते. परतीसाठी बाणगंगेहून थेट टॅक्सीच करावी, कारण संध्याकाळी सहानंतर आईंना लोकलच्या गर्दीत नेणे मी कोणालाही सुचवणार नाही.