मदत हवी आहे: जास्त ट्रायग्लिसराइडच्या प्लाझ्मात एक्झोसोम (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका) की नुसते लायपोप्रोटीन (रक्तात चरबी वाहणारे कण)?

फॅटी लिव्हर आणि ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ/डेलि च्या वर असलेल्या रुग्णांच्या एक्झोसोममधला मिआर-१२२ (यकृतातला छोटा आरएनए) मोजायचा आहे. पीईजी या पॉलिमरने कण खाली बसवणारा (अवक्षेपण) किट वापरला. एनटीएवर (कण मोजायची पद्धत) कण निरोगी गटाच्या कितीतरी पट दिसतात, पण सीडी६३ ची (एक्झोसोमची खूण असलेलं प्रथिन) पट्टी दोन्ही गटांत सारखीच फिकी. यकृतपेशी खरंच जास्त पुटिका सोडतायत का? नळ्या ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणारं रसायन), प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये एकदाच फिरवून गोठवलेला. उपाशीपोटीची नोंद नाही.

प्रतिसाद १
बहुतेक व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहणारं लायपोप्रोटीन) मोजताय. ते ३० ते ८० नॅनोमीटरचे, एक्झोसोम साधारण ३० ते १५० चे. एनटीएला फरक कळत नाही. पीईजीने तर लायपोप्रोटीनही खाली बसतात. त्याच नमुन्यावर एपोबीचा (व्हीएलडीएल, एलडीएलवरचं प्रथिन) ब्लॉट लावा, लगेच उलगडेल.

एकाच पद्धतीवर विसंबू नका. आकारानुसार गाळणाऱ्या कॉलममध्ये एलडीएल, एचडीएल मागे राहतात, पण व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन (जेवणातली चरबी वाहणारे मोठे कण) पुटिकांबरोबरच उतरतात. घनतेनुसार वेगळं करताना उलटं: व्हीएलडीएल १.००६ ग्रॅम/मिली च्या खाली म्हणून तरंगतं, पण एचडीएल (१.०६३ ते १.२१) पुटिकांच्या पट्ट्यातच येतं. म्हणून दोन्ही करा. १० मिली सेफारोज सीएल-२बी (कॉलममधली जेल) वर अर्धा मिली प्लाझ्मा, पहिले सुमारे ३ मिली सोडून पुढचे अर्ध्या मिलीचे तीन-चार अंश, मग ते आयोडिक्सॅनॉल ग्रेडियंटवर (वाढत्या घनतेचे थर) १,००,००० जी ला रात्रभर. हाती फार थोडं लागतं, त्यामुळे सुरुवातीलाच प्लाझ्मा जास्त घ्या.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण मिआर-१२२ चा घोळ वेगळाच. प्लाझ्मात तो बराचसा आर्गोनॉट-२ प्रथिनाला चिकटून, पुटिकांच्या बाहेर असतो. नुसतं आरएनेज (आरएनए तोडणारं विकर) घालून भागत नाही, कारण प्रथिन त्याला झाकतं. आधी प्रोटिनेज के (प्रथिन तोडणारं विकर), मग पीएमएसएफने ते थांबवायचं, मग आरएनेज ए. सोबत ट्रायटन (पुटिकांचं आवरण फोडणारा डिटर्जंट) घातलेली एक नळी हवीच. फक्त तिच्यातच संकेत पडला, तर तो आतला होता असं म्हणता येईल.

प्रश्नकर्ता
मग जुने गोठवलेले नमुने वापरू का?

प्रतिसाद २
पुटिकांच्या संख्येसाठी नको. एकदाच फिरवलेल्या प्लाझ्मात प्लेटलेट उरतात, गोठवून वितळवताना फुटतात आणि त्यांचे तुकडे पुटिका म्हणून मोजले जातात. सीडी४१ (प्लेटलेटची खूण) लावलात तर दिसेल. नवे नमुने १२ तास उपाशीपोटी घ्या, गोठवण्याआधी २५०० जी ला १५ मिनिटं दोनदा फिरवा. उपासाने कायलोमायक्रॉन जातील, व्हीएलडीएल नाही. हेपॅरिनची नळी टाळा, पीसीआर (मिआर मोजायची चाचणी) अडतो.