प्रतिसाद : नियम ज्याचा, कार्ड त्याचं

'सगळे नियम तोंडपाठ असल्याशिवाय डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) व्हायला बसू नये' हे वरचं मत मला पटलं नाही. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची २००३ची ३.५ आवृत्ती बरीच वर्षं खेळलो, आणि तिथलं ग्रॅपल, म्हणजे समोरच्याला पकडायचा डाव, मला शेवटपर्यंत पाठ झालं नाही. धरायला गेलं की आधी समोरच्याला फुकटचा एक वार; त्यात इजा झाली तर पकड फसलीच. नाही झाली तर टच अटॅक (नुसता स्पर्श साधायचा हल्ला), मग दोघांनी फासे टाकायचे, त्यात आकारमानाच्या प्रत्येक पायरीला ४चा फरक. दर वेळी पुस्तक उघडायचं आणि टेबल थंड पडायचं.

आमच्यातला एक जण मंक, म्हणजे नुसत्या हातांनी लढणारं पात्र, खेळायचा आणि सारखा कुस्तीवर उतरायचा. शेवटी त्यालाच म्हटलं, तुझ्या डावाच्या पायऱ्या तूच एका कार्डावर लिहून आण, बेरजा करून. लिहिताना त्याच्या लक्षात आलं, की पहिल्याच लेव्हलला घेतलेल्या इम्प्रूव्ह्ड ग्रॅपल या खास कौशल्यामुळे तो फुकटचा वार त्याला लागूच होत नाही, वर पकडीच्या फाशावर ४ जास्त मिळतात. कित्येक सत्रं आम्ही त्याच्यावर अन्याय करत होतो, याचं मला खरंच वाईट वाटलं. मग विझार्ड (जादूगार) खेळणारीने मंत्रांची कार्डं केली, ड्रुइड (प्राण्यांचं रूप घेणारं पात्र) खेळणाऱ्याने प्राण्यांची. माझ्याकडे, म्हणजे डीएमकडे, फक्त राक्षस उरले. तरीही एखादा नियम मिनिटभरात सापडला नाही तर मी निर्णय देते, वहीत टिपते आणि खेळ संपल्यावर सगळ्यांसमोर वाचते.