लागोपाठच्या आयगेनफलनांची शून्ये नेमकी एकानेच का वाढतात?

प्रश्न : शून्यशोधक
[अ, ब] या अंतरालावर य″ + (ल − ग)य = ० हे समीकरण घेऊ; ग हे क्ष चे संतत फलन आहे, ल हा प्राचल आहे आणि दोन्ही टोकांना य = ० अशी अट आहे. ज्या ल साठी ही अट पाळणारी, सर्वत्र शून्य नसलेली उकल मिळते ते आयगेनमूल्य आणि ती उकल म्हणजे त्याचे आयगेनफलन. आयगेनमूल्ये चढत्या क्रमाने मांडून क्रमांक शून्यापासून मोजला, तर न-व्या आयगेनफलनाला अंतरालाच्या आत बरोबर न शून्ये असतात, असे दोलन प्रमेय सांगते. स्टर्मच्या तुलना प्रमेयातून मात्र मला एवढेच मिळते की ल वाढला म्हणजे जुन्या उकलीच्या लागोपाठच्या दोन शून्यांमध्ये नव्या उकलीचे किमान एक शून्य येते. या ‘किमान’चे ‘नेमके’ कोठे होते? संख्या एकदम दोनने का वाढू शकत नाही?

उत्तर : वक्ररेषा
उजव्या टोकाची अट थोडा वेळ बाजूला ठेवा. य(अ) = ०, य′(अ) = १ असे धरून ल मोकळा सोडला, तर उकल ल बरोबर संततपणे बदलते. य आणि य′ एकाच बिंदूवर शून्य झाले, तर उकलीच्या एकमेवतेमुळे य सर्वत्र शून्य ठरेल. म्हणून प्रत्येक शून्य साधे असते, म्हणजे तेथे य′ शून्य नसतो. परिणामी अंतरालाच्या आत शून्य नव्याने उपजत नाही, दोन शून्ये एकमेकांत विरत नाहीत आणि डावे टोक तर बांधलेलेच आहे. ये-जा करायला ब हे एकच दार उरते, आणि शून्य त्या दारात उभे असते तेव्हाच ल हे आयगेनमूल्य असते.

आता दिशेचा प्रश्न. प्रुफरने १९२६ साली वापरलेली मांडणी घ्या : य = र साइन थ, य′ = र कोसाइन थ. त्यावरून थ′ = कोसाइन²थ + (ल − ग) साइन²थ मिळते. थ हा पायच्या पटीत असतो तेथे थ′ = १, म्हणजे ती पातळी तो फक्त वरच्या दिशेने ओलांडतो. शिवाय थ(ब) हा ल बरोबर काटेकोरपणे वाढतो. ल ऋण दिशेला अमर्याद गेला की तो शून्याकडे जातो आणि धन दिशेला गेला की अनंताकडे. संतत फलनाला मधली पातळी गाळता येत नाही, म्हणून थ(ब) = (न + १)पाय हे प्रत्येक न साठी एकदा आणि एकदाच घडते. ‘नेमके’ येते ते येथून.

ग = ०, अंतराल [०, पाय] घेऊन पाहा. ल = ६.२५ असताना साइन २.५क्ष ची आतली शून्ये ०.४पाय आणि ०.८पाय येथे असतात; ल = ९ झाल्यावर ती पाय/३ आणि २पाय/३ येथे सरकलेली दिसतात आणि तिसरे उजव्या टोकावर येऊन पोहोचलेले असते.

शून्यशोधक
हे पटले. पण मग तुलना प्रमेयाचे काम तरी काय उरते?

उत्तर : आलेखपाल
थ(ब) चे ल बरोबर वाढणे हेच मुळी तुलना प्रमेयाचे दुसरे रूप आहे. समीकरण हाताने सुटत नसेल तेव्हा तर अंदाज बांधायला याहून सोयीचे साधन मला माहीत नाही. शून्य कोटीच्या बेसेल फलनाला (वर्तुळाकार पडद्याच्या कंपनांत येणाऱ्या दोलायमान फलनाला) √क्ष ने गुणले, तर व″ + (१ + १/(४क्ष²))व = ० हे समीकरण मिळते. सहगुणक १ पेक्षा मोठा असल्याने लागोपाठच्या शून्यांमधील अंतर पायपेक्षा कमी असलेच पाहिजे. आणि ती अंतरे ३.११५, ३.१३४, ३.१३८ अशी खालून पायकडे जातात. पहिल्या कोटीसाठी सहगुणक १ − ३/(४क्ष²) होतो, आणि अंतरे ३.१८४, ३.१५८ अशी वरून उतरतात.

उत्तर : परिघ
दोन्ही टोकांच्या अटी स्वतंत्र असणे, म्हणजे प्रत्येक अट एकाच टोकापुरती असणे, येथे अत्यावश्यक आहे. ग = ० ठेवून [०, २पाय] वर आवर्ती अटी घातल्या (दोन्ही टोकांना य सारखा आणि य′ सारखा), तर न = १ पासून पुढे ल = न² हे प्रत्येक मूल्य दुहेरी येते, आणि वर्तुळावर साइन नक्ष व कोसाइन नक्ष या दोघांचीही २न शून्ये असतात; तेथे संख्या दोनदोनने वाढते. प्रतलातील पडद्याच्या कंपनांत तर ‘नेमके’ हा शब्दच सोडावा लागतो. कुराँच्या १९२३ च्या प्रमेयानुसार, क्रमांक एकपासून मोजल्यास, न-व्या आयगेनफलनाची शून्यरेषा पडद्याचे जास्तीत जास्त न तुकडे करते, आणि चौरस पडद्यावर केवळ दोनच तुकडे करणारी आयगेनफलने अनंत आहेत.