लाडाचं नाव कोणी घ्यायचं?

बरेच जण म्हणतात की लाडाच्या नावामागे प्रेमच असतं, मग वाईट कशाला वाटून घ्यायचं. मला हे अर्धंच पटलं. कारण हाक कोण मारतंय यावर सगळं असतं.

घरी मला सगळे 'चिमणे' म्हणतात. आई शेवटचा 'णे' असा काही लांबवते की आतल्या खोलीतूनही कळतं, ती खुशीत आहे की चिडलीय. त्या हाकेला मी आजही धावत जाते. पण हेच नाव ऑफिसातल्या एका वरिष्ठांच्या कानावर पडलं आणि त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, 'काय चिमणे, झालं का काम?' सगळे हसले. हातातले कागद तसेच राहिले, काय बोलायचं होतं तेच विसरले. दोन दिवसांनी त्यांना एकटं गाठून सांगितलं, 'मला माझ्या नावानेच हाक मारा.' त्यांनी ऐकलं.

उलटही होतं. लोकमान्य टिळकांचं खरं नाव केशव, पण घरातलं 'बाळ'च जगभर गेलं. मात्र ते त्यांनी स्वतः लावलं, हा फरक मला मोठा वाटतो.

'जाड्या', 'काळू' यांना तर मी लाडाची नावं मानतच नाही. मूल हसून घेतं, कारण मोठ्यांपुढे दुसरं करणार काय?

माझ्या आठ वर्षांच्या भाचीने परवा बजावलं, 'मावशी, शाळेच्या फाटकापाशी पिल्लू म्हणायचं नाही.' आता फाटकापाशी नाव, घरात पिल्लू, असं आमचं ठरलंय.