ग्लोव्हबॉक्समधला ऑक्सिजन खाली येईना, मदत हवी आहे

निळीकाच: तातडीचं आहे. ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोज्यांतून काम करायची हवाबंद पेटी) ऑक्सिजन ४० पीपीएमच्या (दहा लाखांत ४० भाग) खाली येत नाही, पाणी मात्र ०.५ च्या आत. रिजनरेशन (गॅस शुद्ध करणारा भाग पुन्हा ताजा करणं) करून झालं, तरी तेच. आत ठेवलेल्या नमुन्यांचा रंग बदलायला लागलाय. काय करू?

जुनाफ्लास्क: गॅस कोणता? आत कोणते सॉल्व्हंट उघडता? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

लिथियमकर: गॅसचं नंतर बघू. आधी हातमोजे तपासा. बोटांच्या बेचक्यात बारीक भोक पडतं, नाहीतर पोर्टची ओ-रिंग (रबरी कडी) सरकलेली असते. मला तरी नेहमी तिथेच सापडलंय.

जुनाफ्लास्क: गळती असती तर पाणीही चढलं असतं.

लिथियमकर: मॉलिक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे दाणे) ताजे असतील तर आत आलेलं पाणी तेच धरतात, आकडा चांगलाच दिसतो. सर्क्युलेशन (गॅस शुद्धीकरणातून फिरवणं) बंद ठेवून तासभर बघा. दोन्ही आकडे भराभर चढले तर गळती. ऑक्सिजन जागचा हलला नाही तर ऑक्सिजन धरणारा तांब्याचा कॅटॅलिस्ट काम करत नाहीये.

पेट्रीडिश: आम्ही आत जाणारी प्रत्येक वस्तू ७० टक्के इथेनॉलने पुसतो आणि काम संपलं की यूव्ही लावतो. बुरशी कधीच आली नाही. नक्की करून बघा.

जुनाफ्लास्क: ते जैवसुरक्षा कॅबिनेटसाठी ठीक. इथे प्रश्न हवेचा आहे, जंतूंचा नाही.

निळीकाच: आर्गॉन. टीएचएफ (एक सॉल्व्हंट) आणि थायॉल (गंधक असलेली संयुगं) वापरतो, ते तर सगळेच वापरतात.

जुनाफ्लास्क: थायॉल! गंधक तांब्याला चिकटलं की रिजनरेशनने निघत नाही. उघडं काम करताना सर्क्युलेशन बंद हवं, नंतर पर्ज (ताजा गॅस सोडून आतला बाहेर काढणं), आणि वाटेत सक्रिय कार्बनचा ट्रॅप. कॅटॅलिस्ट बदला.

मोजमाप: लगेच बदलू नका, ते महाग काम आहे. रिजनरेशनच्या वेळी एक्झॉस्टमधून पाणी निघालं होतं का? कॉपर ऑक्साइडचं पुन्हा तांबं व्हायला हायड्रोजन लागतो आणि त्यातूनच पाणी तयार होतं. हायड्रोजनच्या मिश्रणाचा सिलिंडर संपला असेल तर सिव्ह नुसत्या उष्णतेने आणि व्हॅक्यूमने सुकतात, तांबं मात्र तसंच राहतं. पाणी छान, ऑक्सिजन वाईट, हे त्यात बरोबर बसतं.

हिरवटपणा: टिश्यू पेपर रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवता ना? रिकाम्या बाटल्या झाकण लावून आत नेल्या तर आतली हवाही सोबत जाते.

निळीकाच: सर्क्युलेशन बंद करून पाहिलं, ऑक्सिजन तिथेच आहे. एक्झॉस्टच्या बाटलीत पाणी दिसलं नव्हतं. सिलिंडरचा दाब आता बघतो. तोवर नमुन्यांचं काय?

मोजमाप: श्लेंक फ्लास्कमध्ये (हवाबंद करता येणारा फ्लास्क) बंद करून बाहेर काढा. रिजनरेशन चालू असताना शुद्धीकरण थांबतं, आकडे आणखी चढतील. नवा सिलिंडर ५ टक्के हायड्रोजनचाच आहे का, ते लेबलवर वाचून मग जोडा. तरीही पाणी निघालं नाही तर जुनाफ्लास्क म्हणतात तेच.