पॉवरग्लाइड: लाँचला मरगळ, पुढे ठीक. पुन्हा गिअरबॉक्स उघडू?

दोनगिअरी:
ड्रॅग रेसची १९६७ ची शेव्हरोले नोव्हा, स्मॉल ब्लॉक इंजिन, पॉवरग्लाइड (दोन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मागे हाय क्लच (वरच्या गिअरचा) जळला तेव्हा गिअरबॉक्स स्वतःच उघडला. क्लच प्लेट्स, सील, बँड (ड्रम आवळणारा पट्टा) सगळं नवं. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा बंद डबा) मात्र तोच. रात्रभर पालथा ठेवून निथळवला आणि बसवला. (हो, माहितीये. शिव्या नंतर घाला.) आता ट्रान्सब्रेक (गिअरबॉक्स आतून जखडून गाडी जागी धरणारा ब्रेक) लावून फुल थ्रॉटल दिला की ४२०० आरपीएमला मिळणारा स्टॉल (गाडी अडवलेली असताना इंजिन जिथवर चढतं ते आरपीएम) २७०० च्या वर जात नाही. हिरवा दिवा लागला तरी गाडी चिखलातल्या म्हशीसारखी उठते. अर्ध्या ट्रॅकनंतर नेहमीसारखी पळते. डिपस्टिक कागदाला पुसली तर तेल लाल, पण त्यात चंदेरी चमक.

जुनाफिटर:
गिअरबॉक्सला हात लावू नका. क्लच किंवा बँड घसरत असता तर आरपीएम वर पळाले असते, तुमचे खाली अडकलेत. इंजिन मेलं असतं तर शेवटीही रडलं असतं. कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा (मधलं पात्यांचं चाक) वन-वे क्लच, म्हणजे त्याला एकाच दिशेला फिरू देणारा क्लच, गेलाय. लाँचला स्टेटर घट्ट उभा राहून टर्बाइनकडून (गिअरबॉक्स फिरवणारं पात्यांचं चाक) परतणारं तेल वळवतो, तेव्हाच टॉर्क वाढतो. तोच उलटा फिरायला लागला तर वाढ कुठून येणार? वेगात तो तसाही मोकळा फिरतो, म्हणून पुढे फरक कळत नाही. कन्व्हर्टर काढून हबमधून (मधल्या नळीतून) बोट घालून स्टेटरची स्प्लाइन (आतले दाते) फिरवून बघा: एका दिशेला मोकळं, दुसऱ्या दिशेला अडायला हवं. बोटाला अडलं म्हणून निर्धास्त राहू नका मात्र, बोटात इंजिनाचा जोर नसतो.

तेलकटहात:
आणि वेल्ड केलेला कन्व्हर्टर निथळवून साफ होत नाही हो! जळक्या क्लचचा गाळ फिन्समध्ये बसतो. कापूनच घ्यावा लागतो. बसवताना आत लिटरभर तेल ओता, पंपात नीट बसेपर्यंत फिरवत ढकला. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलं जाणारं तोंड) टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाच्या मागची तबकडी) ३ ते ५ मिलिमीटर पुढे ओढता आला पाहिजे. बोल्ट आवळून बेलहाउसिंग ओढून घेतलंत तर पंपाचे गिअर फुटतील.

दोनगिअरी:
कापून आणला. स्टेटर दोन्हीकडे गरागरा फिरतोय. वन-वे क्लचच्या आतल्या रेसवर (कड्यावर) रोलरांनी खाचा पाडल्यात, नखाला लागतात. तळाशी काळा चिखल, त्यात चमकी. शिव्या चालू करा.

जुनाफिटर:
शिव्या राहू द्या. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर बदललात का? ती चमकी त्यातही गेली असणार.

दोनगिअरी:
नाही बदलला. आजच काढतो.