मदत हवी आहे: मुलं वांग्यालाही अपॉस्ट्रॉफी लावतात, काय करू?

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात सहावीला इंग्रजी शिकवते. मुलांच्या घरी अहिराणी. मालकी दाखवणारी नामं शिकवताना पुस्तकातल्या वाक्यांत कुणाचं मन रमेना, म्हणून ओळखीच्या गोष्टी घेतल्या.

सुरुवात छान झाली. अहिराणीत "मामाना गाव, मामानी गाडी", मराठीत "मामाचा गाव, मामाची गाडी". इंग्रजीत मात्र पुढे गाव येवो की गाडी, अपॉस्ट्रॉफी आणि एस तोच. एवढं सोपं असतं हे बघून मुलं खूश!

टोपीवाल्याच्या गोष्टीने अनेकवचनही जमलं. एका माकडाची टोपी असेल तर आधी चिन्ह, मग एस. सगळ्या माकडांच्या टोप्या असतील तर एस आधी, चिन्ह शेवटी. उच्चार दोन्हीकडे एकच, म्हणून लिहिण्याआधी माकडं मोजायची, असं ठरवलंय. उंदीर आले की जरा अडतं, कारण "माइस"मध्ये अनेकवचनाचा एस नाहीच. तिथे पुन्हा चिन्ह आधी.

खरी अडचण चिऊ-काऊच्या गोष्टीत आली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. निम्म्या वर्गाने शेणामेणालाही अपॉस्ट्रॉफी लावला. एकीने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी लिहिली, तिथेही तेच. तिला चूक तरी कशी म्हणू? आपल्याकडे चिमणीलाही "चं" आणि मेणालाही "चं". मी सांगितलं, मालक असेल तरच चिन्ह. लगेच एकाने विचारलं, "मॅडम, मग आजचा पेपर? आज कुठे मालक आहे?" तिथे चिन्ह लागतं खरं. मी निरुत्तर.

हा फरक मुलांच्या भाषेत कसा सांगू?

प्रतिसाद १
ताई, मुलांना "कोणाचं?" आणि "कशाचं?" असे दोन प्रश्न विचारायला लावा. घर कोणाचं? चिमणीचं. चिन्ह लावा. घर कशाचं? मेणाचं. तिथे चिन्ह नको, शब्द नुसता आधी ठेवा: वॅक्स हाउस. भरीतही तसंच, ब्रिंजल भरीत. आज, काल, उद्या हे वेळेचे शब्द "केव्हाचं?" या तिसऱ्या प्रश्नाचे. ते चिन्ह घेतात.

प्रतिसाद २
यात सर्वनामं मिसळू देऊ नका. "त्याचं" या अर्थाच्या "इट्स"ला चिन्ह नाही. "इट इज" जोडून लिहिताना आय गळतो, तिथे असतं. आमच्याकडे आठवीतही ही चूक होते.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आज भोपळ्यातल्या म्हातारीवर करून पाहिलं. म्हातारीचा भोपळा, लेकीचं घर, वाघाची शेपटी बरोबर आलं. भोपळ्याच्या बीला तिघांनीच चिन्ह लावलं, आणि त्यातल्या एकाने "कशाचं?" म्हणत स्वतःच खोडलं. उद्या सर्वनामं घेते. त्यांच्यासाठी कुणी एखादी गोष्ट सुचवाल का?